शेपटी गार्डन

नाशकात जागांची नावं पाटीवर एक आणि रिक्षावाल्याच्या तोंडी दुसरी असतात. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान म्हणून पत्ता विचारलात तर समोरचा क्षणभर थांबतो, मग म्हणतो, ‘अच्छा, गोल्फ क्लब!’ खेळतात तिथे क्रिकेट. मायको कंपनी 2008 मध्ये बॉश झाली, सर्कल मात्र मायकोचंच राहिलं. तेव्हा आमच्या इंदिरानगरातल्या आतल्या गल्लीत एक ‘शेपटी गार्डन’ आहे, याचं इथे कुणालाच नवल नाही. पाटीवर तिचं भारदस्त नाव आहे म्हणा. पण लोकार्पणाला आलेल्या मान्यवरांची नावं त्याहून ठळक.

लेआऊट पाडताना 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. आता चांगला चौकोनी तुकडा कोण सोडेल? प्लॉट पाडून झाल्यावर कडेला उरलेली निमुळती पट्टी ती आमची बाग. फाटकापाशी दोन बाकं, ओपन जिम, घसरगुंडी. पुढे अरुंद होत होत ती एका सप्तपर्णीखाली संपते. दिवाळीच्या सुमारास हे झाड फुललं की वासाने निम्मी माणसं खूश, निम्म्यांचं डोकं दुखतं.

खरी गंमत चालण्यात आहे. गोल्फ क्लबवर सगळे एकाच दिशेने फिरतात, त्यामुळे तासभर चाललं तरी दिसतात त्या पाठीच. शेपटीत गोल फिरताच येत नाही. टोकाला जायचं, वळायचं, परत यायचं. म्हणजे तोच माणूस दर दोन मिनिटांनी समोरून हजर! पहिल्यांदा ‘नमस्कार’, मग नुसती मान, मग अर्धं हसू. त्यापुढे काय करायचं? काहीजण मोबाइल काढतात. एक आजोबा आभाळाकडे बघतात. मला वाटतं, ओळखी टाळायच्या असतील तर माणसाने मोठ्या बागेतच जावं.

आमच्या शेजारच्या काकूंनी यावर तोडगा काढलाय. त्या हप्त्याहप्त्याने बोलतात.

‘‘अहो, मुलासाठी स्थळ आलंय.’’ गेल्या पुढे.

‘‘ओझरचं आहे. वडील एचएएलमध्ये.’’ गेल्या.

‘‘मुलगी गोड आहे हो, पण यांचं म्हणणं...’’

माझी चाल आपोआप वाढली. टोकावरून जवळजवळ पळतच वळले. समोरून काकू येत होत्या, आणि त्यांच्या शेजारी मफलर गुंडाळलेले काका.

‘‘नमस्कार,’’ काकू म्हणाल्या.