तुमचे काम मेंदूवर की मधुमेहावर?

लग्नकार्यात भेटणारे नातेवाईक हा प्रश्न विचारतात आणि प्रयोगशाळा पाहायला येणारे विद्यार्थीही विचारतात, कारण माझ्या बोलण्यात एकदा चेतापेशी येतात, तर एकदा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी. तुम्ही विचारलेत म्हणून नीट सांगते : माझे काम एका प्रथिनावर आहे आणि ते या दोन्ही ठिकाणी असते.

त्याला आम्ही ‘के-एटीपी चॅनेल’ म्हणतो. पेशीच्या पटलात बसलेली ही पोटॅशियमची वाट आहे. रक्तातली साखर कमी असते तेव्हा ती उघडी राहते, पोटॅशियम बाहेर झिरपत राहते आणि बीटा पेशी शांत असते. जेवणानंतर साखर पेशीत शिरते, तिच्यापासून एटीपी हे पेशीचे इंधन तयार होते आणि वाट बंद होते. मग पेशीच्या आतला ऋण विद्युतदाब उतरू लागतो, कॅल्शियमच्या वाटा उघडतात, कॅल्शियम आत येते आणि इन्सुलिन रक्तात सोडले जाते. बीटा पेशीही चेतापेशीसारखी विजेवर चालते, हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते. मलाही पहिल्यांदा वाटले होते.

हे चॅनेल 1983 मध्ये अकिनोरी नोमा यांना हृदयाच्या पेशींत सापडले. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डमध्ये फ्रान्सेस अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी बीटा पेशीतले असेच चॅनेल ग्लुकोज दिल्यावर बंद होते, हे दाखवले. त्यांनी वापरलेली पद्धत आम्ही आजही वापरतो. एर्विन नेहर आणि बर्ट झाकमान यांनी ती 1976 मध्ये प्रथम मांडली आणि 1991 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. काचेची नळी तापवून ओढायची, म्हणजे तिचे टोक मायक्रॉनभर रुंदीचे होते. सूक्ष्मदर्शकाखाली ते पेशीला अलगद टेकवायचे आणि रबरी नळीतून तोंडाने किंचित हवा ओढायची. काच पेशीला घट्ट चिकटली की पडद्यावरची थरथरणारी रेघ एकदम सपाट होते आणि मग तिच्यावर चौकोनी पायऱ्या उमटू लागतात. एकेक पायरी म्हणजे एकच चॅनेल उघडून मिटल्याची खूण. तो प्रवाह अ‍ॅम्पिअरच्या काही लक्ष-कोट्यंशांइतका असतो. भांड्यात ग्लुकोज सोडल्यावर थोड्या वेळात त्या पायऱ्या विरळ होत जातात. हे मी शेकडो वेळा पाहिले आहे, तरी त्या वेळी खोलीत कोणी बोललेले मला अजून चालत नाही.

आता मेंदूकडे येते. 2004 मध्ये एक्सेटरच्या अँड्र्यू हॅटर्सली यांच्या गटाला असे आढळले, की जन्मानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह होणाऱ्या काही बाळांमध्ये याच चॅनेलच्या जनुकात दोष असतो. वाट मिटतच नाही, म्हणून इन्सुलिन सुटत नाही. सल्फोनिलयुरिया गटातली मधुमेहाची औषधे ही वाट थेट बंद करतात. माझ्या आजोबांच्या गोळ्यांच्या डब्यात वर्षानुवर्षे असलेली ग्लिबेनक्लामाइडची पांढरी गोळी त्याच गटातली. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा दोष असलेल्या 49 रुग्णांपैकी 44 जणांचे इन्सुलिन या गोळ्यांवर पूर्ण बंद झाले. जन्मभर सुई टोचावी लागणार असे ज्यांच्या आईवडिलांना सांगितले गेले होते, त्या मुलांसाठी ही गोळी काय असेल, याचा विचार मनात आला की मला काम सोडून दोन मिनिटे बसावे लागते.

परंतु दोष तीव्र असेल तर त्यांतल्या काही मुलांची वाढ मागे पडते, स्नायू शिथिल राहतात, काहींना फिट्स येतात. स्नायूंच्या या शिथिलतेचे मूळ स्नायूंत नसून चेतापेशींत आहे, हे 2010 मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. गोळीने साखर आटोक्यात येते, पण मेंदूच्या तक्रारी मात्र बहुधा अंशतःच कमी होतात, कारण हे औषध रक्तातून मेंदूत फार थोडे पोहोचते. म्हणून माझ्या टेबलावर सकाळी बीटा पेशी असतात आणि दुपारी चेतापेशी, आणि दोन्हींवर तेच औषध कमी-जास्त मात्रेत घालून ती वाट केव्हा मिटते हे मी पाहत असते.