तुम्ही विचारलंत म्हणून: नोटरी केलं म्हणजे कागद पक्का झाला का?

मी नोटरी, त्यामुळे भेटेल तो हेच विचारतो, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. सही तुमचीच आहे, अमुक तारखेला ती माझ्यासमोर झाली, तुमची ओळख मी पटवून घेतली आणि शपथपत्र असेल तर तुम्हाला शपथ दिली, एवढ्यापुरता कागद पक्का होतो. आतला मजकूर खरा आहे का, जमीन तुमची आहे का, व्यवहार कायद्यात बसतो का, याबद्दल माझा शिक्का अवाक्षर काढत नाही. शपथपत्रात खोटं लिहिलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली जबाबदारी लिहून देणाऱ्याची. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, न्यायालयीन कामकाजात सात वर्षांपर्यंत.

आमचे अधिकार नोटरी कायदा, १९५२ आणि नोटरी नियम, १९५६ यांतून येतात. नेमणूक केंद्र सरकार करतं किंवा राज्य सरकार. त्यासाठी किमान दहा वर्षांची वकिली लागते. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गीयांना सात. प्रमाणपत्र पाच वर्षांचं, पुढे नूतनीकरण. कोणत्या क्षेत्रात काम करायचं तेही ठरवून दिलेलं असतं. शिक्का साधा, गोल, पाच सेंटिमीटर व्यासाचा. त्यावर नोटरीचं नाव, क्षेत्र, नोंदणी क्रमांक, ‘नोटरी’ हा शब्द आणि नेमणाऱ्या सरकारचं नाव असायलाच हवं. कागद हातात पडला की आधी हे वाचा, मग घडी घाला.

शिक्क्यापेक्षा महत्त्वाची असते ती टेबलावरची जाड वही, म्हणजे नोटरी रजिस्टर. प्रत्येक कागदाला त्यात एक ओळ मिळते: अनुक्रमांक, तारीख, काम कोणतं, माणसाचं नाव-पत्ता, कागदात थोडक्यात काय आहे, फी किती, पावती क्रमांक कोणता. शेवटी सही करणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि नोटरीची सही. तोच अनुक्रमांक तुमच्या कागदावर पडतो. उद्या कोर्टात कोणी ‘ही सही माझी नव्हेच’ म्हणाला, तर ही ओळच बघितली जाते. तुमच्या कागदावर क्रमांक नसेल, किंवा वहीत तुमची सही घेतलीच नसेल, तर तुम्ही शिक्क्याचे पैसे दिलेत, नोटरीचे नव्हे.

म्हणूनच ‘बाबा घरी आहेत, सही करून आणलीय, तुम्ही फक्त शिक्का मारा’ ही विनंती आम्हाला मान्य करता येत नाही. बाबा अंथरुणाला खिळलेले असतील तर नोटरी आपल्या क्षेत्रात त्यांच्या घरी जाऊ शकतो. प्रवासखर्च वेगळा पडेल, पण कागद टिकेल.

बाकी चुका ठरलेल्याच. कोरी जागा सोडून सही. मूळ ओळखपत्र घरी आणि मोबाइलवर फोटो. खाडाखोड केली, पण शेजारी छोटी सही नाही. चार पानांपैकी शेवटच्याच पानावर सही. मुद्रांक विकत घेतल्याची तारीख कागदाच्या तारखेनंतरची. यावरून तर कागद मागची तारीख घालून केल्याचा सरळ संशय येतो. सत्यप्रत हवी तर मूळ कागद आणावाच लागतो, झेरॉक्सवरून सत्यप्रत होत नाही. आणि इंग्रजीत टाइप केलेलं शपथपत्र, लिहून देणारीला मराठी-कोंकणीच कळते, असं असेल तर मजकूर तिला तिच्या भाषेत समजावून सांगितल्याची नोंद शेवटी हवी. ही एक ओळ टायपिस्ट हमखास गाळतो.

आता गोव्याचं. इथे ‘नोटरी’ दोन आहेत आणि लोक चुकीच्या दारात उभे राहतात. एक आम्ही, १९५२ च्या कायद्याचे. दुसरा विशेष नोटरी, म्हणजे तालुक्याचे सिव्हिल रजिस्ट्रार-कम-सब-रजिस्ट्रार, लग्नांची आणि दस्तांची नोंदणी करणारे सरकारी अधिकारी. पोर्तुगीज काळापासून चालत आलेलं त्यांचं हे काम आता गोव्याच्या वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्याखाली चालतं. कायदा २०१२ चा, अंमल डिसेंबर २०१६ पासून.

मृत्युपत्र करायचंय? ते विशेष नोटरीच्या वहीत लिहिलं जातं, किंवा बंद लिफाफ्याचं असेल तर त्यांच्याकडून मंजूर करून घ्यावं लागतं. स्टँप पेपरवर टाइप करून माझ्याकडून शिक्का मारून घेतलेल्या मृत्युपत्राच्या भरवशावर राहू नका. शिवाय मुलंबाळं असताना सगळी इस्टेट मनाला येईल त्याला देता येत नाही. अर्धा भाग कायद्याने त्यांच्यासाठी राखीव असतो.

वडील गेले, वारस कोण हे दाखवायचंय? माझ्याकडचं ‘आम्हीच वारस’ असं शपथपत्र एखाद्या किरकोळ कामाला चालेलही, पण जमिनीच्या उताऱ्यावर नावं लावायला सक्सेशन डीड, म्हणजे वारस ठरवणारा दस्त, लागतं. तेही त्याच कार्यालयात, कुटुंबाला ओळखणाऱ्या विश्वासू माणसांच्या जबान्या घेऊन आणि वर्तमानपत्रात जाहीर करून. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर तिथेच सोडायचा, आणि सोडायचा तर सगळाच. भाट (माडांची बाग) ठेवते, शेत सोडते, असं करता येत नाही. भावांनी बहिणीला नोटरीकडे आणून शंभराच्या कागदावर ‘मला काही नको’ लिहून घेण्याचा प्रकार आजही होतो. त्यातून काही सुटत नाही, फक्त चवथीला (गणेश चतुर्थीला) एकमेकांकडे जाणं बंद होतं.

विक्रीचंही तसंच. लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. घर नवऱ्याच्या नावावर दिसलं तरी खरेदीखतावर बायकोची सही हवीच. आणि खरेदीखत नोंदणी झाल्याशिवाय खरेदीखत नव्हे. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरारही नोंदवावा लागतो; अकरा महिन्यांचे करार एवढे निघतात ते यामुळेच.

‘पावर’, म्हणजे मुखत्यारपत्र, याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण निम्मा गोवा परदेशात आहे. तुम्ही भारतात राहत असाल आणि तुमच्या वतीने दुसरा माणूस सब-रजिस्ट्रारकडे दस्त नोंदणीला हजर करणार असेल, तर नोंदणी कायद्याचं कलम ३३ लागतं. अशी पावर तुम्ही राहता तिथल्या सब-रजिस्ट्रारसमोरच झाली पाहिजे. नोटरीची चालत नाही. हे ऐन नोंदणीच्या दिवशी कळतं आणि गिऱ्हाईक हातचं जातं. परदेशात राहणाऱ्याला मात्र तिथला नोटरी किंवा भारतीय वकिलात चालते. लिस्बनहून येणारी पावर नोटरीची असेल तर तिच्यावर अपोस्टिल घ्यावा, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार त्या देशाने कागदावर दिलेला खरेपणाचा दाखला. जो देश त्या करारात नाही, तिथून वकिलातीतच जावं. कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा. पाकीट कपाटात ठेवून लोक हेच विसरतात.

लग्न आणि घटस्फोट नोटरीकडे होत नाहीत. केंद्राच्या कायदा खात्यालाही २०२४ मध्ये तशी लेखी ताकीद द्यावी लागली. गोव्यात लग्नाची नोंद सिव्हिल रजिस्ट्रारकडेच, आणि तिथे सही दोनदा होते; पहिली सही म्हणजे नुसता इरादा, लग्न नव्हे. नाव बदलायला गोव्याचा १९९० चा स्वतंत्र कायदा आहे. नुसत्या शपथपत्राने नाव बदलत नाही.

फीचा तक्ता नोटरीने कार्यालयात दिसेल असा लावायचा असतो आणि घेतलेल्या पैशांची पावती द्यायची असते. दोन्ही मागायला लाजू नका. नोटरीने गैरवर्तन केलं तर नियम १३ खाली त्याला नेमणाऱ्या सरकारकडे तक्रार करता येते. ते केंद्र की राज्य हे शिक्क्यावर लिहिलेलं असतं, तेव्हा कागद जमा करण्याआधी शिक्का आणि रजिस्टर क्रमांक स्पष्ट दिसेल असा फोटो काढून ठेवा.