मुक्ताईच्या वाटेवर पहिला मुक्काम

कोथळीहून पालखी निघाली तेव्हा ऊन रणरणत होतं. दुपारी एक सर आली आणि रानातली काळी माती चपलांना गोळे होऊन चिकटली. मुक्कामी शाळेच्या ओट्यावर मी पट्ट्यांची पेटी उघडली. मी नर्स, वारीत माझी सेवा तीच.

एक आजी पाय पुढे करीनात. "पायाले हात नको लावू व माय, पाप लागीन मले."

"वारीत सगळेच पाया पडतात, आजी."

टाचेला रुपयाएवढा फोड, पाण्यानं टम्म. शेजारची बाई सुई-दोरा घेऊन सरसावली, तिला थांबवलं. फोडावरची कातडी शाबूत राहिली तर जखम चिघळत नाही. पाय धुतला, कोरडा केला, गॉज ठेवून पट्टी बांधली.

भाची टॉर्च धरून होती. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, अभ्यासाला कंटाळलेली. म्हणाली, "मावशी, मदर तेरेसांनी कुठं परीक्षा दिल्या होत्या?"

मला ही गोष्ट फार जवळची. 10 सप्टेंबर 1946 ला दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना हाक ऐकू आली की कॉन्व्हेंट, म्हणजे नन्सचा मठ, सोडून गरिबांत जाऊन राहायचं. त्या कोलकात्यात शिक्षिका होत्या. परवानगी मिळायला 1948 उजाडलं. मग निळ्या काठाची पांढरी साडी नेसून त्या थेट वस्तीत गेल्या नाहीत, आधी पाटण्याला गेल्या. तिथं मिशनरी सिस्टरांच्या, म्हणजे नन्सच्या, दवाखान्यात रुग्णसेवा शिकल्या. डिसेंबरात मोतीझीलच्या झोपडपट्टीत उघड्यावर मुलांना अक्षरं शिकवायला बसल्या, फळ्याऐवजी जमीन. एकेक मुलगी येऊन मिळाली, त्यांतल्या काही त्यांच्याच विद्यार्थिनी. 7 ऑक्टोबर 1950 ला मिशनरीज ऑफ चॅरिटी हा संघ रीतसर उभा राहिला. नन्सच्या नेहमीच्या तीन व्रतांना, म्हणजे गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांना, चौथं जोडलं: गरिबातल्या गरिबाची मनापासून, मोबदल्याविना सेवा.

1952 साली कालीघाटला मरणाला टेकलेल्यांसाठी त्यांनी निर्मल हृदय सुरू केलं. ती जागा मूळची कालीमातेच्या यात्रेकरूंची धर्मशाळा. हे सांगताना माझा गळा भरून आला. आमच्या भोवती तेव्हा दोनशे माणसं पाय पसरून पडली होती.

भाची काही बोलली नाही. टॉर्च खाली ठेवून तिनं पुढच्या माणसाचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला.

पहाटे काकड्याच्या आधीच आजी आल्या. ओट्यावर टेकल्या आणि दुसरा पाय आपणहून भाचीपुढं केला. "हा बी पाह्य."