रूटलाही नकार!

आज दिवसभर लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) कॉन्फिगर करत बसले होते. मेन्यूत एसईलिनक्सचा, म्हणजे कोणत्या प्रोग्रॅमने काय करायचं ते नियमांनी ठरवणाऱ्या सुरक्षा मॉड्यूलचा, पर्यायच दिसेना. आधी ऑडिट सपोर्ट (घटनांची नोंद ठेवायची सोय) चालू केला, तेव्हा कुठे तो उगवला. कंपाइल, रीबूट, तरी एसईलिनक्स गप्पच. दोन तासांनी कारण सापडलं: कर्नलच्या ५.१ आवृत्तीपासून, बूट होताना सुरू करायच्या सुरक्षा मॉड्यूल्सची क्रमवार यादी वेगळी द्यावी लागते आणि त्यात एसईलिनक्सचं नावच नव्हतं.

नाव घातलं, फाइलींना लेबलं लावली (त्यांवरूनच नियम लागू होतात) आणि आधी परमिसिव्ह मोड ठेवला. त्यात काही अडवलं जात नाही, फक्त नोंद होते. (थेट एन्फोर्सिंगची, म्हणजे नियम खरोखर लागू करणाऱ्या मोडची, घाई नको, लेबलं चुकली तर बूटच अडकू शकतं.)

रात्री एन्फोर्सिंग केलं. रूट (एरवी सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालणाऱ्या चाचणी सर्व्हरला पासवर्डची शॅडो फाइल वाचायला स्पष्ट नकार मिळाला. लॉगमधली ती ओळ मी तीनदा वाचली. खूप आनंद झाला.