नवरात्राआधीचं धुणं आणि नदीकाठची पोरं

घटस्थापनेच्या आधी कोल्हापुरात वाकळा, जाजमं, चादरी गाठोड्यात बांधून नदीवर नेतात. सोबत पोरंही जातात. पंचगंगेची पावसाळी ओढ तेव्हा पुरती गेलेली नसते. बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, बहुधा घातलेले नसतात, त्यामुळं पाणी उतरलेलं दिसलं तरी वाहतं असतं. घाटाच्या पाण्याखालच्या पायऱ्यांवर गाळ आणि शेवाळ असतं, शेवटच्या पायरीची कड दिसत नाही.

"काही झालं तर ओरडेल की" हे मनातून काढून टाका. बुडणारं पोर बहुतेक वेळा हाक मारत नाही. मान मागं, तोंड पाण्याच्या पातळीला, हात पाणी खाली दाबताहेत. श्वासच पुरत नाही तिथं आवाज कुठून येणार? म्हणून एका मोठ्या माणसानं धुण्याला हातच लावायचा नाही, मोबाईलही नाही, फक्त पोरं बघायची. वीस मिनिटांनी पाळी बदला, नजर थकते. पाच वर्षांखालचं मूल हाताच्या अंतरावरच हवं. आणि भिजलेल्या वाकळेचं टोक पोराच्या हातात कधीही देऊ नका. प्रवाहात ती फुगते आणि धरणाऱ्याला ओढून नेते.

गाठोड्यासोबत गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन न्या. त्यात पेलाभर पाणी ठेवून झाकण घट्ट लावा. अगदीच रिकामा कॅन वाऱ्यानं भरकटतो, नेमका पडत नाही. कॅनच्या मुठीला पंधरा मीटर पिवळी प्लॅस्टिकची दोरी बांधा. ती तरंगते, नायलॉनची बुडते. जाडी आठ-दहा मिलिमीटर हवी, बारीक दोरी तळहात कापते. दुसरं टोक पायाखाली दाबायचं, कॅन बुडणाऱ्याच्या पलीकडं टाकायचा आणि दोरी त्याच्या अंगावर येऊ द्यायची. ओढताना खाली बसा, उभ्याचा तोल जातो. पाण्यात उडी मारू नका. बुडणारा गळ्याला मिठी मारतो आणि दोघंही जातात.

बाहेर काढलेल्या पोराला उलटं धरू नका, पोट दाबू नका, त्यात वेळ जातो. श्वास नसेल तर आधी तोंडानं पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध 30 दाब, 2 श्वास, असं चालू ठेवा. दाब छातीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका खोल, वेग मिनिटाला 100 ते 120. तोवर दुसऱ्यानं 108 ला फोन लावायचा. पोर खोकून शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्याच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही वाढतो.