काडीएवढी फट

“बाबा, ते टिकटिक बंद करा ना, माझं पाठ होत नाहीये.”

मी हेडफोन लावून तबला ऐकत बसलो होतो. माझ्या समजुतीप्रमाणे तो माझ्या एकट्याच्या कानात वाजत होता. तुला काय ऐकू येतंय, म्हणून मुलीला विचारलं, तर म्हणाली, “कोणीतरी नखाने डबा वाजवतंय.” डग्ग्याचा घुमारा सगळा माझ्याकडे राहिला होता आणि चाटेवरची, म्हणजे तबल्याच्या कडेवरची, टिचकी तेवढी खोलीभर हिंडत होती. इतका रंगलेला पेशकार, म्हणजे तबलावादनाची ती संथ सुरुवात, आणि लेकीच्या वाट्याला डबा!

दोष हेडफोनचा नव्हता. त्याच्या पाठीला जाळी होती, आणि ती जाळी आवाज बाहेर जावा म्हणूनच असते. हेडफोनच्या कपात एक पातळ पडदा थरथरत असतो. तो पुढे सरकला की कानाकडच्या हवेवर दाब पडतो, आणि त्याच क्षणी पाठीमागच्या हवेत तेवढीच ओढ तयार होते. म्हणजे एक गाणं पुढच्या दाराने कानाकडे निघतं आणि त्याचंच उलटं गाणं मागच्या दाराने. उघड्या पाठीच्या हेडफोनात मागच्याला सरळ वाट करून देतात. बंद पाठीच्यात ते दार बुजवतात. मग ते उलटं गाणं कपातच कोंडतं, भिंतीवर आपटतं आणि पुन्हा पडद्याच्या अंगावर येतं. त्याला निववायला आत लोकरीसारखा थर घालायचा, कुठे सुईच्या टोकाएवढं भोक ठेवायचं, यात बनवणाऱ्याचा सगळा कस लागतो. म्हणून जाणकार मंडळी उघड्या पाठीचे गोडवे गातात. आवाज मोकळा, गायक डोक्याबाहेर चार हात लांब बसल्यासारखा. खरं आहे ते. रात्री, एकट्याने, दार लावून ऐकायचं तर मी आजही जाळीवालेच लावतो. पण बसमध्ये, ऑफिसात किंवा पाठांतर करणाऱ्या मुलीशेजारी ही चैन चालत नाही. आपलं बाहेर जातं ही झाली निम्मी गोष्ट, त्याच जाळीतून बाहेरचं जगही बिनदिक्कत आत येतं.

गंमत म्हणजे खिशात गाणी घेऊन हिंडायची सवय जगाला लागली ती असल्या गळक्या हेडफोनांवरच. १९७९ साली सोनीचा पहिला वॉकमन आला तेव्हा त्याच्यासोबत मिळायची ती एक बारीक पट्टी आणि तिच्या दोन टोकांना स्पंजाच्या चकत्या. कानाला वारा लागायचा आणि शेजाऱ्याला ताल. चारचौघांत एकट्यानेच ऐकत बसणं उद्धटपणाचं दिसेल अशी धास्ती खुद्द कंपनीला होती, म्हणून त्या वॉकमनला दोघांसाठी दोन जॅक दिले होते. शिवाय एक केशरी बटण होतं. ते दाबलं की गाणं बारीक व्हायचं आणि शेजारच्याचं बोलणं माइकमधून कानात यायचं. केवढा तो संकोच! आता कान झाकलेल्या माणसाशी कोणी बोलायला जातच नाही, लांबूनच हातवारे करतात.

तर बंद पाठीचे घ्यायचे ठरलं आणि मी वाचायला बसलो. ही माझी जुनी खोड. छत्री घ्यायची तरी मी आधी काड्यांच्या धातूबद्दल वाचतो. हेडफोनच्या बाबतीत तर वाचायला अंतच नाही. खोक्यावर छापलेलं असतं, ५ ते ४०,००० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढे हेलकावे. माणसाचा कान २० ते २०,००० ऐकतो, तोही कोवळ्या वयात. माझ्या कानातले वरचे पाच-सहा हजार केव्हाच निवृत्त झाले आहेत. २०,०००च्या वरचे बहुधा वटवाघळांची सोय म्हणून छापत असावेत. शिवाय टोकाच्या सुरांना आवाज किती क्षीण होतो ते लिहिल्याशिवाय त्या आकड्यांना काही अर्थच नसतो.

ओहमचा, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचा, आकडा मात्र कामाचा. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो घ्या. हा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन अवतारांत निघतो. हातातल्या फोनमधून एक व्होल्ट येतोय असं धरलं, तर ३२ ओहमवाल्याला सुमारे ३१ मिलिवॅट मिळतात आणि २५०वाल्याला जेमतेम चार. विहिरीला पाणी भरपूर, पण पोहरा ओढायला पोर उभं केलंय, तशातली गत. घरी अ‍ॅम्प्लिफायर असेल त्याने खुशाल २५० घ्यावा. फोनला जोडून हिंडणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

मग स्टुडिओतल्या जुन्या खोडांबद्दल वाचलं. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१पासून आजतागायत रेकॉर्डिंगवाल्यांच्या डोक्यावर आहे. त्याची वायर मात्र टेलिफोनच्या वायरीसारखी वेटोळ्यांची. टेबलाशी बसलेल्याला उत्तम, चालताना ती खिशातल्या फोनला खाली खेचत राहते. सेनहायझरचा एचडी २५ हा १९८८चा, वायर सोडून १४० ग्रॅम, आणि त्याचा एक कप मागे फिरवून एक कान मोकळा ठेवता येतो. रस्ता ओलांडताना हे असं एक कान मोकळा ठेवणं फार बरं. पण तो कानावर टेकणाऱ्या जातीतला. दुसरी जात कानाभोवती बसते, अख्खा कान पोटात घेते. यातली कोणती निवडायची हे मी ओहम आणि हर्ट्झ वाचून ठरवत होतो, यावरून माझ्या अकलेचा अंदाज यावा.

शेवटी कानाभोवती बसणारे एक घेतले. नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्यांचा काही गुन्हा नव्हता. वाचलं होतं की यांचा बेस भरदार, थोडा जास्तच. लावले, आणि माझा तो नेहमीचा पेशकार सुरू केला. चाट लख्ख. शाईवरचे बोल सुटे-सुटे. डग्गा मात्र शेजारच्या बिल्डिंगमध्ये. आठवडाभर मी कारणं शोधली. फोन बदलून पाहिला, वायर बदलून पाहिली. नवे हेडफोन वाजून-वाजून मोकळे होतात असं काहींचं म्हणणं, म्हणून रात्रभर ते उशीखाली वाजते ठेवले. सकाळी उशी जशीच्या तशी आणि डग्गाही.

मग एका संध्याकाळी डोळे चुरचुरले म्हणून, हेडफोन न काढताच, चष्मा ओढून काढला. आणि डग्गा आला! मनगट घासत काढलेली ती लांब मींड खालून वर येताना गालफडात जाणवली. मी चष्मा परत घातला. डग्गा गेला. काढला. आला. पाचसहा वेळा हा खेळ झाल्यावर बायकोने विचारलं, “काय चाललंय?” म्हटलं, “चष्म्याने बेस जातोय.” तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. काडी घालणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी शब्दशः कळलं.

माझ्या चष्म्याची काडी चांगली रुंद होती, वर कडेला किंचित उभार. ती कुशनच्या खालून कानामागे जायची, त्यामुळे तिच्या दोन्ही अंगांना कुशन उचललं जाऊन फट राहायची. फट केवढी, तर कागदाची चौघडी बसेल एवढी. तेवढी पुरते. सायकलच्या पंपाचा वॉशर झिजला की काय होतं ते आठवून पाहा. दांडा सावकाश दाबला तर हवा बाजूने निसटते, ट्यूबपर्यंत काही पोचत नाही. झटक्यात दाबला तर थोडी तरी जाते. पडदा आणि कान यांच्यामधली हवा अशीच. डग्ग्याचा सूर सेकंदाला ऐंशी-शंभर हेलकाव्यांचा, आळसावलेला. त्याचा दाब तयार होतो न होतो तोच फटीतून ओघळून जातो. चाटेची टिचकी सेकंदाला हजारोंनी, तिला निसटायला सवडच मिळत नाही. म्हणून फट पडली की अख्खं गाणं बारीक होत नाही, नेमका तळ गळतो. चष्मा नसलेल्यांनी फार खूश होऊ नये. दाट केसांची बट, दोन दिवसांची दाढी, लांब कानातलं, जबडा आणि कानाच्या पाळीमागचा तो खळगा, कशानेही हे होतं. मोजमाप करायला जे नकली डोकं वापरतात त्याला सहसा ना चष्मा असतो ना दाढी. म्हणजे मी वाचलेले सगळे आलेख एका गुळगुळीत डोक्याचे होते.

फटीचा हिशेब इथेच संपत नाही. जिथून डग्गा बाहेर जातो तिथूनच बसच्या इंजिनाची घरघर आत येते. मग माणूस काय करतो? आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा, की ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ऐकलेलं चालतं. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९० डेसिबलला आठवड्यात फक्त चार तास. रोज जाऊन-येऊन तास-दीड तास बसमध्ये घालवणाऱ्या माझ्यासारख्याचे ते चार तास गुरुवारपर्यंत संपतात.

इथे कोणीही सुचवील, आणि सुचवलंच, की सरळ नॉइज कॅन्सलिंग घे. त्याची कथा छान आहे. १९७८ साली बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस झुरिकहून बॉस्टनला विमानाने निघाले होते. विमानात मिळालेल्या हेडफोनात इंजिनापुढे गाणं ऐकू येईना, म्हणून त्यांनी तिथेच बसल्या जागी गणितं मांडायला घेतली. बाहेरचा आवाज माइकने टिपायचा आणि त्याचा उलटा आवाज कानात सोडायचा. वैमानिकांसाठीचा असा पहिला हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं. घरघर, गुणगुण, पंख्याचा सूर, असल्या खालच्या एकसुरी आवाजांवर ही युक्ती अफाट चालते. माणसांच्या गप्पा, भांड्यांचा खणखणाट यांना अडवायला मात्र जाड भिंत आणि घट्ट कुशनच लागतं. दोन्ही मिळून झकास काम होतं, नाही म्हणत नाही. मी लावूनही पाहिले. शांततेत कानाला दडा बसल्यासारखं झालं, आणि बॅटरी संपल्यावर काय, हा प्रश्न सुटेना. मला भिंत पुरे होती. तिच्यावर रोज रात्री चार्जिंगला लावावा लागणारा पहारेकरी नको होता. आणि चष्म्याची काडी तिथेही होतीच.

तेव्हापासून दुकानात हेडफोन हातात घेतला की मी आधी कुशनमध्ये अंगठा रुतवतो. अंगठा हळूहळू वर येत असेल तर ते काडीला पोटात घेईल, चटकन उसळला तर नाही. मखमली कुशन गार असतात पण हवा गाळतात. कातड्यासारखे चांगले गच्च बसतात, घाम आणतात, आणि तीनेक वर्षांत त्यांना पापुद्रे सुटतात. मागच्या एकाने माझ्या गालावर काळ्या कपच्यांची नक्षी काढली होती आणि मी तशीच मीटिंग उरकली. कोणी सांगितलंसुद्धा नाही. म्हणून कुशन आणि वायर बदलता येते का, हे मी वजनाच्याही आधी विचारतो. वायर नेमकी पिनेपाशी मरते, हे लहान मुलालाही ठाऊक असतं. पकड सैल हवी असेल तर हेडफोन रात्रभर पुस्तकांच्या चळतीवर ताणून ठेवायची युक्ती आहे. पण सैल केलं की पुन्हा फट! कपाळ दुखू द्यायचं की डग्गा जाऊ द्यायचा, यातलं मी तूर्त कपाळ निवडलंय.

आणि फट अगदी बुजली की दुसरंच सुरू होतं. स्वतःचं बोलणं मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखं, जिना उतरताना प्रत्येक पाऊल डोक्यात धप्प, आणि शर्टाच्या बटणाला घासणारी वायर तर कोणी दार खरवडतंय अशी. चालताना मी आता मंद लयीचं काही लावतच नाही, माझ्याच पावलांशी त्याचं भांडण होतं.

मागच्या महिन्यात डोळ्यांचा नंबर बदलला. नवी फ्रेम घ्यायची होती, तेव्हा पिशवीत हेडफोन टाकूनच गेलो. चष्मेवाल्याने मोठ्या हौसेने जाड फ्रेमा मांडल्या, चेहऱ्याला शोभतील म्हणाला. मी म्हटलं, काडी दाखवा, तारेएवढी बारीक. चार-पाच निघाल्या. एकेक चढवायची, वरून हेडफोन लावायचे आणि तोच पेशकार सुरू करायचा. तिसऱ्या फ्रेमला डग्गा जागेवर आला. चष्मेवाला आरसा धरून उभा होता, कशी दिसते ते तरी बघा म्हणत असावा. मी डोळे मिटून ऐकत होतो.