सोळा तासांच्या रात्रीसाठी पुस्तके

लेक न्यू जर्सीला राहायला गेल्यापासून मुंबई ते नेवार्क हा प्रवास मी पाच वेळा केला आहे. थेट विमानाने जाताना सोळा तासांच्या आसपास लागतात. मुंबईची मध्यरात्र उलटल्यावर निघालेले विमान पश्चिमेकडे जात राहते आणि तिकडच्या पहाटेच्या सुमारास उतरते, त्यामुळे हिवाळ्यात तर सारा प्रवास ही एकच लांबलेली रात्र असते. जेवणाचे ट्रे उचलले गेले की दिवे मालवतात आणि आपल्या डोक्यावरचा तेवढा एक अरुंद झोत उरतो. विमानात न्यायचे पुस्तक या झोतात वाचायचे आहे, हे लक्षात यायला मला दोन प्रवास लागले.

पहिल्या वेळी मी विश्वास पाटलांचे ‘पानिपत’ नेले होते. १९८८ साली आलेली ही कादंबरी वर्षानुवर्षे कपाटात वाट पाहत होती, आणि नोकरी-संसारात न मिळालेला सलग वेळ आता आयताच मिळणार आहे, असा माझा हिशेब होता. हिशेब चुकला. तो जाडजूड ग्रंथ दोन्ही हातांनी धरावा तर शेजारच्या गृहस्थांना कोपर लागत होते, आणि मांडीवर ठेवावा तर झोत पानाच्या निम्म्याच भागावर पडत होता. त्यात दर थोड्या वेळाने पाणी, चहा, कुणाचे तरी उठणे, पट्टा बांधण्याची सूचना. प्रत्येक व्यत्ययानंतर कोणता सरदार कोणाच्या बाजूचा, हे मला मागे जाऊन शोधावे लागे. चाळीस पानांनंतर मी हार मानली आणि उरलेला प्रवास त्या ग्रंथाने हट्टी नातवासारखा माझ्या मांडीवर बसून केला. दोष पुस्तकाचा मुळीच नव्हता. घरी परतल्यावर तेच मी आठवडाभरात वाचून काढले.

पुढे कळले, की विमानातल्या हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. म्हणजे आपण कळसूबाईच्या शिखराहूनही उंच ठिकाणी, अतिशय कोरड्या हवेत, अर्धवट झोपेत बसून वाचत असतो. डोळे चुरचुरतात, लक्ष पटकन उडते. अशा वेळी ‘एरवी वाचून होत नाही’ म्हणून एखादे अवघड पुस्तक नेणे म्हणजे आजारी माणसाला पुरणपोळीचा आग्रह करण्यासारखे आहे.

आता मी सर्वांत आधी पाहते, की पुस्तक कुठेही मिटता येते का आणि मिटल्या जागेवरून पुन्हा धरता येते का. इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ या बाबतीत चोख आहे. गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण अशा एकेका व्यक्तीवरचा लेख स्वतंत्र उभा राहतो, महाभारताची कथा आपल्याला ठाऊकच असते, आणि लेख संपल्यावर डोळे मिटून भांडायला भरपूर मुद्दे मिळतात. (कुंतीच्या बाबतीत मी बाईंशी अजून पूर्ण सहमत नाही.) व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ लहान आहे आणि दोन बैठकांत पुरी होते. जी. ए. कुलकर्णी हे माझे आवडते कथाकार असले, तरी अंधारात, अनोळखी माणसांच्या मध्ये अडकून बसलेले असताना त्यांची कथा वाचण्याचे धाडस मी पुन्हा करणार नाही.

नोव्हेंबरात प्रवास असेल तर दिवाळी अंक हवाच, असे मैत्रिणी सांगतात. १९०९ साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने सुरू केलेली ही प्रथा मलाही प्रिय आहे, आणि कथा, लेख, कविता, व्यंगचित्रे असा त्यातला ऐवज तुकड्यातुकड्यांनी वाचायला सोयीचाही आहे. मात्र तो मोठ्या आकाराचा अंक मधल्या आसनावर पुरता उघडता येत नाही. मी तो लेकीसाठी म्हणून सामानाच्या बॅगेत टाकते. तिच्याकडून तो पुढे चार मराठी घरे फिरतो.

ई-वाचनयंत्राचा अनुभव थोडक्यात सांगते. त्याला स्वतःचा उजेड असतो, अक्षर मोठे करता येते, ते एका हातात मावते. पण मला हवी असलेली निम्मी जुनी पुस्तके त्यावर सापडत नाहीत.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’इतकी चांगली सोबत मात्र मला आजवर विमानात मिळालेली नाही. १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनाची वाक्ये लहान आहेत, भाषा समोर बसून बोलल्यासारखी आहे, आणि कोणतेही पान उघडले तरी काहीतरी घडत असते. वडिलांचे टोकाचे सोवळे, पती ना. वा. टिळकांची विक्षिप्त उदारता, धर्मांतरानंतरची ताटातूट हे सारे त्या अशा निर्विष विनोदाने सांगतात, की हसू आवरताना शेजाऱ्याची झोप मोडेल अशी भीती वाटते. मागच्या प्रवासात तसेच झाले. शेजारच्या अकोल्याच्या बाई जाग्या झाल्या, मी कशाला हसते आहे हे त्यांनी विचारले, आणि मी दोन परिच्छेद हळू आवाजात वाचून दाखवल्यावर म्हणाल्या, “ताई, तुमचं वाचून झालं असन तं मले द्या न.” त्या मुलाकडे पहिल्यांदाच निघाल्या होत्या आणि वाचायला काहीच आणले नव्हते. पुस्तक मी पूर्वी तीनदा वाचलेले, म्हणून देऊन टाकले, आणि उरलेल्या रात्री त्यांच्या झोताखाली मधूनमधून खुसखुसणे ऐकत पडून राहिले.

विमान उतरले तेव्हा त्यांची बरीच पाने राहिली होती, आणि इमिग्रेशनच्या रांगेत त्या चष्मा लावून उभ्याने वाचत पुढे सरकत होत्या. पुस्तक परत मागायचे मला सुचलेही नाही.